जीवनलिपीतील पूर्णविराम

आपल्या ज्ञातिसंस्थेची स्मरणिका घरी आली म्हणजे प्रथम देणगीदारांची यादी पाहिली जाते, नंतर गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि त्यानंतर वधू-वर सूची. इतिहासाचे पान बहुधा आपली कुळे, देवके, मूळ गावे आणि पूर्वजांचे पराक्रम यांना वाहिलेले असते. ते उचितच होय. आपण कोठून आलो हे ज्यास ठाऊक नाही, त्यास कोठे जावयाचे हेही उमगत नाही. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे असा एक इतिहास ठेवीत आहोत की ज्याचा नायक आपल्या ज्ञातीचा नाही, आपल्या जिल्ह्याचा नाही आणि ज्याच्या शोधाचा विषय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. असे असूनही या स्मरणिकेतील वधू-वर सूचीशी त्या शोधाचे अगदी जवळचे नाते आहे. ते कसे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. ओबेद सिद्दिकी. त्यांचा जन्म 7 जानेवारी 1932 रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. शिक्षण अलीगढ विद्यापीठात झाले. विषय वनस्पतिशास्त्र. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी गव्हावर काम आरंभिले. त्या कामासाठी वाढविलेले पीक गारपिटीने आडवे झाले आणि सारे श्रम मातीत गेले. लिंबागणेश परिसरातील शेतकरी कुटुंबांना याचा अर्थ समजावून सांगावयास नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी आपल्या शिवारात पाहिली, त्यांना काढणीस आलेले पीक एका तासात नाहीसे होणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक आहे. सिद्दिकींनी मात्र त्या आपत्तीनंतर वेगळीच वाट धरली. ते स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ग्वीदो पोन्तेकोर्व्हो या आनुवंशशास्त्रज्ञाकडे शिकावयास गेले. पोन्तेकोर्व्हो हे स्वतः इटलीतील ज्यूविरोधी कायद्यांमुळे 1938 मध्ये देशांतर केलेले गृहस्थ होते. शेताएवढ्या जागेत वर्षातून एकदा येणाऱ्या पिकाऐवजी काचेच्या बशीत काही दिवसांत वाढणाऱ्या बुरशीवर तेथे प्रयोग चालत. सिद्दिकींनी त्या बुरशीतील एका जनुकाची बारीक रचना अभ्यासिली आणि 1961 मध्ये डॉक्टरेट मिळविली.

त्या काळी जीवशास्त्रात मोठीच उलथापालथ चालू होती. ती समजण्यासाठी प्रथिन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. सामान्यतः प्रथिन म्हटले की आपणास डाळ, दूध, अंडी आठवतात. परंतु शरीराच्या दृष्टीने प्रथिन हे केवळ अन्न नव्हे. स्नायू आकुंचन पावतो तो प्रथिनांमुळे, अन्न पचते ते प्रथिनरूप विकरांमुळे, आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. प्रत्येक प्रथिन ही एक माळ आहे. तिचे मणी म्हणजे अमायनो आम्ले. हे मणी मुख्यतः 20 प्रकारचे आहेत, आणि कोणता मणी कोणत्या क्रमाने ओवावयाचा यावर त्या प्रथिनाचे गुण अवलंबून असतात.

हा क्रम कोठे लिहून ठेवलेला असतो? पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए. या पदार्थात. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची दुपेडी गोफासारखी रचना दाखवून दिली. तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंदवही जशी कार्यालयाबाहेर जात नाही, कामापुरता उतारा बाहेर दिला जातो, तद्वत डी.एन.ए. केंद्रकातच राहतो आणि त्याचा उतारा आर.एन.ए.च्या रूपाने बाहेर येतो. रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने तो उतारा वाचतात. आर.एन.ए.चेच लहान रेणू एकेक अमायनो आम्ल आणून देतात आणि रायबोसोम ती माळ ओवीत जातो. यासच प्रथिनांचे संश्लेषण असे म्हणतात.

उताऱ्याच्या लिपीत चारच अक्षरे आहेत: ए, यू, जी आणि सी. ही लिपी कशी वाचावयाची, हा 1961 चा मोठा प्रश्न होता. ज्या वाचकांनी आपल्या वाड्यातील जुने मोडी कागद पाहिले असतील, त्यांना तो चटकन उमगेल. मोडी लिहिणारा आधी शिरोरेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाई. शब्द कोठे तुटला, वाक्य कोठे संपले याची खूण कागदावर नसे. ती वाचणाऱ्याने जाणावयाची. जीवनाची लिपीही तशीच सलग आहे. 'कमलभाकरीकरते' ही अक्षरे तीन-तीन करून वाचली तर 'कमल भाकरी करते' असे सरळ वाक्य मिळते. त्यातील 'ल' गळाला, तर तीन-तीनच्या हिशेबाने 'कमभा करीक रते' असा अर्थहीन मजकूर होतो. क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या अखेरीस नेमक्या अशाच तर्काने सिद्ध केले की ही लिपी तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत निरेनबर्ग आणि मथाई यांनी 'यूयूयू' या गटाचा अर्थ लावून पहिला शब्द उलगडला. पुढे आपल्या देशात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराणा यांनी त्या शब्दकोशात मोलाची भर घातली आणि 1968 चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग व हॉली यांच्यासह त्यांना मिळाले.

चार अक्षरांचे तीन-तीनचे गट 64 होतात. अमायनो आम्ले तर 20. मग उरलेल्या गटांचे काय? अनेक आम्लांना एकाहून अधिक शब्द आहेत, हे पुढे कळले. पण एक प्रश्न राहिलाच. मोडी वाचणारा वाक्य कोठे संपले ते आशयावरून ओळखतो. रायबोसोमाला आशय कळत नाही. मग माळ कोठे पुरी झाली, हे त्यास कोण सांगते? आमच्यासारख्या आयुष्यभर मुलांना विरामचिन्हे शिकविणाऱ्या मास्तरास या प्रश्नाचे विशेष कौतुक वाटते. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ होण्यास एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांची खटपट कारणीभूत झाली. निसर्गाने आपल्या लिपीत पूर्णविरामाची सोय तत्पूर्वी कोट्यवधी वर्षांपासून करून ठेवली होती. ती ओळखण्याच्या कामी सिद्दिकींचा वाटा आहे.

ग्लासगोहून ते अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ॲलन गॅरेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूवर काम चालू होते. हा जीवाणू फॉस्फेटचा तुटवडा पडला म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे एक विकर तयार करतो, आणि फॉस्फेट मुबलक मिळाले की ते काम थांबवितो. पेशी सर्व प्रथिने सर्वकाळ बनवीत नाही. गरज पाहून काम सुरू करते वा बंद करते. पेशीतील या नियमनाचा सिद्धांत फ्रान्समध्ये जेकब आणि मोनो यांनी 1961 मध्येच मांडला होता व त्यासाठी 1965 मध्ये ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅरेन आणि सिद्दिकी यांनी असे जीवाणू निवडले की ज्यांच्या त्या विकराच्या जनुकात बिघाड होता आणि ज्यांना ते विकर मुळीच बनविता येत नव्हते. बिघाडाच्या जागा जनुकात निरनिराळ्या होत्या. परंतु जनुकाबाहेर दुसरीकडेच घडलेल्या एका बदलामुळे यांपैकी काही बिघाड एकदमच झाकले जात आणि विकर पुन्हा थोडेफार तयार होऊ लागे. एका किल्लीने निरनिराळ्या दारांची कुलुपे उघडावीत असा हा प्रकार होता. याचा अर्थ असा की त्या सर्व ठिकाणी बिघाड एकाच जातीचा असला पाहिजे. अर्थपूर्ण शब्दाच्या जागी जेथे कोणतेही अमायनो आम्ल मिळत नाही असा 'निरर्थक' शब्द आला असला पाहिजे, आणि बाहेरचा तो बदल त्या निरर्थक शब्दाला पुन्हा अर्थ देत असला पाहिजे. हा निबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. सीमूर बेंझर आणि चँप यांनीही जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंवरील प्रयोगांतून स्वतंत्रपणे त्याच सुमारास तोच निष्कर्ष काढला.

या 'निरर्थक' शब्दाचाही एक अर्थ आहे, आणि तो म्हणजे 'थांबा', हे पुढील तीन वर्षांत स्पष्ट झाले. 1964 मध्ये केंब्रिज येथे अहमदाबादचे आनंद साराभाई व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की अशा बिघाडामुळे प्रथिनाची माळ अर्धवट तुटते, आणि बिघाड जितका आरंभाजवळ तितका तुकडा आखूड. 1965 मध्ये ब्रेनर यांच्या आणि गॅरेन यांच्या प्रयोगशाळांनी त्या शब्दांची अक्षरे निश्चित केली. आज आपण जाणतो की 64 शब्दांपैकी 61 अमायनो आम्लांचे आहेत आणि यूएजी, यूएए व यूजीए हे तीन पूर्णविराम आहेत.

पूर्णविराम वाक्याच्या शेवटी असला तर उपकारक, मध्येच पडला तर घातक. बीडहून मांजरसुंब्यामार्गे लिंबागणेशला येणाऱ्या एस.टी.त वाहकाने दोन घंटा दिल्या म्हणजे गाडी चालते, एक दिली म्हणजे थांबते. दोनांतली एक घंटा वाजलीच नाही, तर गाडी भर घाटात उभी राहील. इंजिनात दोष नाही, रस्ता मोकळा आहे, प्रवासी बसलेले आहेत, पण गाडी गावी पोहोचत नाही. आणि समजा, चालकाने ती एकटी घंटा मानलीच नाही, तर गाडी पुढे जाते. गॅरेन-सिद्दिकींना आढळलेला बाहेरचा बदल हा असा न मानणारा चालक होता.

सिद्दिकींना अमेरिकेत राहता आले असते. परंतु लिओ झिलार्ड या थोर शास्त्रज्ञाच्या मध्यस्थीने त्यांचा डॉ. होमी भाभांशी संबंध आला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था भाभांनी 1945 मध्ये स्थापिली होती. तिच्या कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते 1962 च्या जानेवारीत झाले. ती गणित व भौतिकशास्त्राची संस्था. तेथे जीवाणू वाढविणाऱ्या, तिशीत नुकतेच पाऊल ठेवलेल्या तरुणास भाभांनी बोलाविले आणि 1962 मध्येच रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करून दिला. अशा रीतीने या नव्या शास्त्राच्या एका आद्य भारतीय प्रयोगशाळेचा पाया महाराष्ट्रात घातला गेला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावयास हवी.

पुढे बेंझर यांच्या सहकार्याने सिद्दिकी फळमाशीकडे वळले. उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि गारवा मिळताच पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या शोधून मज्जातंतूंतील विद्युत्संदेशांचा अभ्यास त्यांनी केला. गोव्याहून केनियात गेलेल्या कुटुंबात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनीने माशीच्या चव व वासाच्या ज्ञानावर जे काम केले, ते जगात मान्य झाले. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही सिद्दिकींचीच उभारणी. 2006 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 26 जुलै 2013 रोजी त्यांचे निधन झाले.

आता हा इतिहास आपल्या घरापर्यंत कसा येतो ते पाहावयाचे. हिमोग्लोबिनाच्या रेणूत चार माळा असतात. त्यांपैकी दोन बीटा माळा प्रत्येकी 146 मण्यांच्या. 1979 मध्ये अमेरिकेत ज्युडी चँग आणि युएत वाई कान यांनी थॅलेसेमिया नामक रक्तविकाराच्या एका चिनी रुग्णात असे दाखविले की बीटा माळेच्या सतराव्या जागी लायसिन या आम्लाच्या शब्दाऐवजी 'यूएजी' हा पूर्णविराम पडला आहे. जो शब्द जीवाणूत सापडला, तोच माणसाच्या रक्तात सापडला. आपल्या देशातही थॅलेसेमियाच्या नेहमी आढळणाऱ्या बिघाडांपैकी एक याच जातीचा आहे. पंधराव्या जागी 'यूजीजी' हवे तेथे 'यूएजी' होते. एक अक्षर बदलले, चौदा मणी ओवून माळ थांबली, आणि 132 मणी ओवावयाचे राहिले. इतर रुग्णांत बिघाड निराळ्या ठिकाणी असतो, पण परिणाम तोच. बीटा माळ अपुरी पडते वा बनतच नाही.

असे मूल जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेत शरीर वेगळ्या माळेचे हिमोग्लोबिन वापरते. जन्मानंतर पेशी ते काम बंद करून बीटा माळेचे काम हाती घेते, तेव्हा उणीव उघडी पडते. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मूल फिकट पडू लागते, प्लीहा वाढते, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. चढविलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साठते. ते काढण्यास निराळी औषधे घ्यावी लागतात. आमच्या परिचयातील एका घरी असे मूल आहे. रक्ताच्या दिवशी आईस रोजंदारी सोडावी लागते, बापास जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तदाता शोधावा लागतो. आणि गावात अजून बोलले जाते की सुनेची पत्रिका वाईट होती.

ही समजूत अन्यायाची आहे, हे आम्ही येथे स्पष्टपणे नमूद करतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, दुसरी बापाकडून. एक प्रत बिघडलेली व एक चांगली असेल तर तो मनुष्य केवळ वाहक असतो, आणि सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. पुष्कळदा त्यास आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. थोडी फिकट दिसणारी मुलगी लोहाच्या गोळ्या खात राहते, आणि खरे कारण निराळेच असते. दोघेही वाहक असतील तरच, प्रत्येक गर्भधारणेत, 25 टक्के शक्यता मूल आजारी होण्याची, 50 टक्के वाहक होण्याची आणि 25 टक्के पूर्णपणे मुक्त असण्याची. म्हणजे दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो. तो दोन्ही घराण्यांतून सारखाच येतो, आणि कोणाचाही अपराध नसतो.

आपल्या देशात सरासरी शंभरांत तीन ते चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत असे मानले जाते. काही समाजांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. विदर्भ व इतर काही भागांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनाचाच दुसरा विकार आढळतो. त्यात सहाव्या जागी एका आम्लाऐवजी दुसरे आम्ल येते. आता आपण ज्ञातीतच सोयरीक करतो, मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चालही आहे. ज्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक फिरते, त्या वर्तुळात एखादा बिघाड असलाच तर दोन वाहक एकमेकांस भेटण्याचा संभव वाढतो. ज्ञातिसंस्थेचे कार्य वधू-वरांची गाठ घालून देण्याचे आहे, म्हणूनच ही जबाबदारीही तिच्यावर येते.

रक्त या शब्दाचा आपणास फार अभिमान असतो. अमुक आपल्या रक्ताचा, तमुक परक्या रक्ताचा असे आपण सहज बोलतो. सिद्दिकींच्या शास्त्राने दाखविले की आतड्यातील जीवाणू, माशी, बेडूक आणि मनुष्य हे सारे मुळात एकाच लिपीत लिहिले गेले आहेत, आणि तिचे पूर्णविरामही तेच. 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाचे जनुक बदलून तो 'न मानणारा चालक' बनविला आणि तो बेडकाच्या अंडपेशीत काम करतो असे सिद्ध केले. मानवी रुग्णाच्या संदेशातील चुकीचा पूर्णविराम बेडकाच्या पेशीत ओलांडला गेला! ज्ञातीची ओळख जपावी, तिची माणसे एकमेकांस धरून राहावीत, यात वावगे काही नाही. परंतु ती ओळख रक्तात शोधू नये, तेथे ती मिळत नाही.

उपायही त्याच ज्ञानातून निघत आहेत. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाचे बंद झालेले काम पुन्हा सुरू करणारा जनुकसंपादनाचा उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मान्य झाला. परंतु त्याचा खर्च आपल्यासारख्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. आपल्या आवाक्यात आहे ती रक्तचाचणी. रक्तपेशींची साधी मोजणी आणि हिमोग्लोबिन ए-2 चे प्रमाण पाहणारी तपासणी एवढ्याने बहुतेक वाहक ओळखता येतात. ती आयुष्यात एकदाच करावयाची असते आणि तिचा खर्च लग्नाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

यावर आक्षेप येतो, तो आम्ही ऐकला आहे: 'मुलगी वाहक निघाली तर तिचे लग्न कसे जमणार?' आक्षेप खोटा नाही. आईबापांची भीती खरी आहे. म्हणूनच आमची सूचना अशी की चाचणीचा निकाल सूचीत कधीही छापू नये. विवाहयोग्य सर्व मुलामुलींनी, प्रथम मुलांनी, ती करून घ्यावी, आणि पत्रिका पाहण्याच्या वेळी दोन्ही घरांनी तो कागद खासगीत एकमेकांस दाखवावा. एकच पक्ष वाहक असेल तर विवाहास काहीही प्रत्यवाय नाही. दोन्ही असतील तर वैद्यांचा सल्ला घ्यावा. विवाह झालेलाच असेल, तर गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतही तपासणीची सोय आहे. संस्थेने वार्षिक मेळाव्याच्या दिवशी चाचणीची व्यवस्था केली आणि कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी आपल्या मुलांना प्रथम रांगेत उभे केले, तर कोणाही मुलीस कमीपणा येणार नाही.

लिंबागणेशच्या भालचंद्र गणेशासमोर आपण प्रत्येक शुभकार्याचा आरंभ करतो. त्याच देवळात लग्नाची पहिली पत्रिका ठेवतो. ती ठेवण्यापूर्वी हा एक कागद पाहिला जावा, एवढीच समस्त ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे.